व्हिटॅमिनच्या डबीतल्या गोळ्या

सकाळी लेकीला जंगल कॅम्पच्या बसमध्ये बसवून आले, तेव्हापासून वारज्याच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून आहे. नवरा कंपनीच्या कामाने दोन वर्षं परदेशात, ऑनसाइट. म्हणून तुम्हालाच सांगते.

ओवी बारा वर्षांची आहे. तिला फिट येते. फॉर्मवर 'काही आजार?' या रकान्यात मी नेहमीसारखं 'नाही' लिहिलं. अकोल्याहून सासूबाईंनी बजावलंय, कुणाला कळलं तर लग्न जमणार नाही. बारा वर्षांच्या पोरीचं लग्न! तरी गोळ्या मी व्हिटॅमिनच्या डबीत भरूनच दिल्या.

बस सुटायच्या आधी ओवी डबी घेऊन कॅम्पच्या ताईंकडे गेली. मी मागेच उभी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"ताई, ही व्हिटॅमिन्स नाहीत. मला फिट येते. आली तर घाबरू नका, कुशीवर वळवा. आणि आईला सांगू नका हं. ती एकटी असते."

मग मी पुढे झाले. फॉर्म मागून घेतला, 'नाही' खोडलं, सगळं लिहिलं, डॉक्टरांचा नंबरही दिला. ओवी माझ्याकडे बघत राहिली.

मला वाटायचं, हे मी एकटीच सांभाळतेय. ती कधीपासून सांभाळत असेल हो?