देवीचं कापड आणि बुडालेली तीन जहाजं

चहा घ्या आधी. हे ऐकल्यावर तुम्ही मला शहाणा म्हणणार नाही, तेव्हा म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या.

मी मुखेडचा. आमच्याकडे पाणी बघायचं तर टँकरमध्ये, आणि माझी नोकरी काय? खोल समुद्राच्या तळाशी पडलेली जुनी जहाजं शोधायची. त्याला सोनार नावाचं यंत्र लागतं. लांबलचक केबलला बांधून ते तळाजवळ सोडायचं. ते आवाज सोडतं, आवाज तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. तळावर काही उंच असलं की त्याच्यामागं काळी सावली पडते. त्या सावलीवरून जहाज ओळखायचं.

मी तात्पुरता होतो. या फेरीत काम बरं झालं तर कायम करू, असं आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. हे मी आईला सांगितलं, इथंच चुकलो.

निघताना तिनं जरीचं लाल कापड हातात ठेवलं. "माहूरच्या देवीचं हाय. खंडेनवमीला तुझ्या यंत्राला बांध. काम होईस्तोवर सोडायचं न्हाई."

"आई, ते यंत्र पाण्यात जातंय."

"अन् आपल्या हिरीतली मोटार कुठं ऱ्हाती? माळवदावर?"

आमच्याकडे नवमीला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. जहाजावर नवमी उजाडली. सगळे जेवायला गेलेले बघून मी सोनारला कुंकू लावलं, कापड बांधलं, हात जोडले. दुपारी यंत्र पाण्यात गेलं.

थोड्या वेळात पडद्यावर सावली आली. लांब, काळीभोर, वर दोन टोकं निघालेली. मी खुर्चीवरून उठलोच.

"मॅडम, जहाज. दोन डोलकाठ्यांचं."

मॅडम शांत बाई. "त्याच जागेवरून परत जाऊ," एवढंच म्हणाल्या. पण एवढी केबल मागं घेऊन जहाज वळायचं म्हणजे निवांत काम, आणि मला कुठला धीर? मी जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून घरी कळवून टाकलं. तिकडं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, भर बाजारात पेढे वाटले.

परत गेलो तर त्या जागी काही नाही. सावली बरीच पुढं.

"सरकलं असेल," मी म्हणालो.

"इतकी वर्षं पडून असलेलं नेमकं आज सरकलं?"

"मग हे दुसरं असेल, मॅडम."

पुढच्या खेपेला तिसरं सापडलं. माणसानं गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "इथं मोठी लढाई झालेली दिसतेय." आणि तेही घरी कळवलं.

अण्णांचा लगेच फोन. "लढाई कुणाकुणाची झाली ते इचार. हितं लोक इचारायलेत."

मॅडमनी चष्मा पुसला. "यंत्र वर घ्या."

यंत्र डेकवर आलं. कापडाची एक गाठ सुटून ते खाली लोंबत होतं. पाण्यात ते हेलकावे खात आवाजाच्या वाटेत आडवं यायचं, की पडली सावली. माझ्या दोन डोलकाठ्या म्हणजे त्याची जरीची टोकं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडं नवमीला..." नोकरी गेली हे मी धरूनच चाललो. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मॅडमनी कापड सोडवलं, पिळलं आणि कठड्यावर वाळत घातलं. हसू दाबत म्हणाल्या, "सोनारला कापड अडकलं की कसं दिसतं, हे आता तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. असा माणूस सोडून कसं चालेल?"

घरी फोन केला. "आई, जहाज नव्हतं. तुझं कापड होतं ते."

ती म्हणाली, "म्हंजे तीन-तीनदा दिसलं म्हण की. कापड लई चांगलं हाय ते. माघारी आण."

तर मी कायम झालो. पण त्याबरोबर एक काम गळ्यात पडलं. यंत्र सोडायच्या आधी मी डेकवर उभं राहून सगळ्यांना विचारायचं, "कुणाच्या आईनं काही दिलंय का?" सगळे माझ्याकडे बघत राहतात, आणि मी मुकाट्यानं माझे खिसे उलटे करून दाखवतो.