एका लिटरात इंदूरदर्शन

इंदुरात देवळं, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्चं मिळून नेमकी किती आहेत हे सांगणारा माणूस शोधला तर सापडेलही. पण त्यांतल्या कुठल्या देवाच्या घरी नळाला किती वाजता पाणी येतं हे सांगणारा माणूस त्रिभुवनात एकच आहे आणि तो माझा घरमालक आहे. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आलो, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात चिकटलो आणि रामबागेत या काकांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो, त्याला आता सहा वर्षं झाली. काकांचे पूर्वज संस्थानच्या काळात इकडे आले. काका स्वतः पाणीखात्यात होते. जुन्या शहरातल्या गल्ल्यांचे वॉल्व पहाटे उघडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे, हे एकच काम त्यांनी जन्मभर केलं. त्यात त्यांना सगळं शहर पाठ झालं, फक्त ते जमिनीखालून झालं. अशा माणसाला गेल्या वर्षी डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच्या वर पाणी प्यायची मनाई केली, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

आमच्याकडे महाराष्ट्रातून कोणी पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या तोंडाशी हजर. "चला, इंदूर दाखवून आणतो. फुरसतीत आहात ना?" पाहुण्याने उत्तर द्यायच्या आत ते गाडीत पुढे बसलेले असत. राजवाड्यासमोर सगळं जग मान वर करून मजले मोजतं. काका मान खाली घालून फरशीतलं लोखंडी झाकण शोधतात. पुण्याचे माझे एक प्राध्यापक मेहुणे वही काढून विचारू लागले, हा वाडा कोणी बांधला, कधी बांधला. काका म्हणाले, "ते बोर्डावर लिहिलेलं आहे, वाचून घ्या ना. ह्या झाकणाखाली बारा इंची लाइन आहे, ती कोणत्याच बोर्डावर नाही." मेहुण्यांनी निमूटपणे वहीत 'बारा इंची' असं लिहून घेतलं. लालबागेत पाहुणे झुंबरं बघत हिंडतात तेव्हा काका माळ्याशी हौदाच्या गळतीबद्दल बोलत बसतात.

हात जोडणं, माथा टेकणं हे सगळं ते मनापासून करतात, पण त्यांच्या हिशेबी दर्शन पुरं होतं ते तिथलं पाणी पोटात गेल्यावरच. "ज्याच्या घरी गेलो त्याचं पाणी नाही प्यायलं, तर मतलब आपण गेलोच नाही ना भिया." त्यामुळे गोपाळ मंदिरात तीर्थ, जैनांच्या काच मंदिरात उकळून गार केलेलं, बोहरा बाखलीत, म्हणजे बोहऱ्यांच्या गल्लीत, ओळखीच्या दुकानदाराकडचं, चर्चच्या व्हरांड्यातल्या माठातलं, खजराण्याच्या दर्ग्यातलं आणि शेवटी राजवाड्याजवळच्या गुरुद्वाऱ्यातलं, असं एकेक भांडं रिकामं करत त्यांचं इंदूरदर्शन चालायचं. पाहुण्यालाही सुटका नसे. माझा एक मित्र चर्चमधून दर्ग्याकडे जाताना गाडीत इतका गप्प झाला की काकांना वाटलं, त्याला भक्तीचं भरतं आलं. खरी गोष्ट मला कळली होती, म्हणून मी पुढच्याच पेट्रोल पंपावर गाडी उभी केली.

या सगळ्या ठिकाणी काकांना मान होता, कारण सगळ्या धर्मांच्या सणांनी मिळून त्यांच्या रजा खाल्ल्या होत्या. रमझानात पहाटेच्या आधी एक लाइन, पर्युषणात दुसरी, लंगराच्या दिवशी तिसरी, नाताळात चौथी. एकदाच गफलत झाली. एकादशी आणि जुम्मा एकाच दिवशी आले आणि काकांनी मशिदीच्या वाट्याचं पाणी मंदिराला सोडलं. उजाडता उजाडता पुजारी तक्रार घेऊन आले की हौद भरून पाणी गाभाऱ्याच्या पायरीला लागलं, आणि त्यांच्या पाठोपाठ मौलवी आले की नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, थेंब नाही. काकांनी दोघांना ओट्यावर बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितला आणि तसेच सायकलवरून वॉल्व फिरवायला धावले. परत येईपर्यंत ते दोघे मिळून पाणीखात्याला शिव्या घालत होते, आणि काकाही त्यात सामील झाले.

मग गेल्या पावसाळ्यात काकांचे पाय सुजू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय; चहा, आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटर, एक थेंब जास्त नको. काकू मुळात मऊ स्वभावाच्या, पण या बाबतीत लोखंडासारख्या झाल्या. सकाळी त्या एक लिटरची बाटली भरून ठेवत. काका बाहेर कुठे जे काही प्यायले असतील ते त्यांनी घरी येऊन खरंखरं सांगायचं, आणि तेवढं पाणी काकू बाटलीतून काढून तुळशीला घालायच्या. काकांनी फेऱ्या बंद केल्या. पाहुणे येत, आपले आपण मोबाइल बघत शहर हिंडून येत, आणि काका गॅलरीत बसून त्यांना विचारत, "मग, पाणी प्यायलात ना?" मला ते बघवत नसे.

अशात माझी आत्या आली. ही बाई सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा स्वतःचं उकळलेलं पाणी थर्मासमधून नेणारी. तिला बघून काकांना राहवेना. काकूंनी खूप आढेवेढे घेतले आणि अखेर अट घातली, "प्रत्येक ठिकाणी दोन घोट. चहा नाही. जास्त झालं तर ही शेवटची चक्कर, मग मी कोणाचं ऐकणार नाही." काकांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

त्या दिवशी काकांनी एक लिटर सहा ठिकाणांत असं वाटलं की बघत राहावं. मंदिरात पळीभर तीर्थ, ते स्वस्तात पडलं. काच मंदिरात दोन घोट. बाखलीतल्या दुकानदाराने उंच ग्लासात सरबत आणलं, त्यातलं बोटभर. चर्चमध्ये दोन घोट. प्रत्येक वेळी गाडीत बसल्यावर ते बोटांवर मोजत. आत्या आपल्या थर्मासमधून पीत होती आणि काका तिच्याकडे दयेने बघत होते.

दर्ग्यात मात्र घात झाला. तिथले सेवेकरी, म्हातारे खादिम, काकांना बघून उठूनच उभे राहिले आणि माठातलं काठोकाठ पाणी पुढे केलं. "बडे दिनों बाद आए भियाजी. आज पूरा पीना पडेगा. बरसों आप ही का भेजा पिया है हमने." काकांनी ग्लास घेतला. डॉक्टरांचं नाव सांगावं तर खादिमांचं तोंड उतरणार, प्यावं तर काकूंना तोंड कसं दाखवायचं. ग्लास ओठांपर्यंत गेला. मी काही बोलणार तेवढ्यात आत्याचा हात पुढे आला.

"आणा इकडे. मला केव्हाची तहान लागलीय."

आणि सांगलीची माझी आत्या, थर्मास काखेत धरून, तो सगळा ग्लास एका दमात प्यायली. खादिम खूश झाले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "जरा जड आहे पाणी." काका अपराधी आवाजात म्हणाले, "बोरिंगचं मिक्स असणार. मी असताना असं नव्हतं हो."

गुरुद्वाऱ्यापाशी पोचलो तेव्हा सकाळचा चहा, दूध, औषधं आणि हे सगळे घोट धरून बोटं संपली होती. दुपारची गोळी आणि रात्रीचं जेवण यांच्यापुरतंच पाणी उरलं होतं. आत्यानेही हात टेकले. आता थेंब जायचा नाही म्हणाली. काका म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी गाडीतच बसून राहतो." सहा वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. "इतकी वर्षं येऊन राहिलोय मी इथे. आता पाणी समोर आलं तर नको कसं म्हणू? त्यापेक्षा नाही गेलेलं बरं." आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

आत्या तडक आत गेली आणि पाणी वाटत बसलेल्या सरदारजींना आपल्या सांगलीच्या हिंदीत सांगू लागली, "वो बाहर गाडी में बैठे है. डॉक्टर ने पानी बंद किया, इसके लिए अंदर आने को लाजते है." सरदारजी हातातला पेला ठेवून उठले, गाडीपाशी आले आणि काकांकडचं दार उघडलं.

"वीरजी, पीना मना है ना? पिलाने में तो कोई परहेज नहीं. आइए, मेरे घुटने भी दुख रहे हैं."

काकांच्या डोक्याला केशरी रुमाल बांधला गेला आणि ते टाकीपाशी स्टुलावर बसले. पहिले दोन-तीन कटोरे काठावरून सांडले. मग लय सापडली. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने कटोरा, काठाशी आलं की तोटी बंद, एक थेंब खाली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "कहां से आए? काच मंदिर देखा? चर्च देखा? वहां पानी जरूर पीना." आम्ही दोन तास खोळंबलो, पण त्यांना हलवायची माझी छाती झाली नाही. आत्या पदराने डोळे पुसत होती आणि मी चपलांच्या रांगा बघत उभा होतो.

आता शहराची चक्कर नसते. रविवारी सकाळी मी काकांना गुरुद्वाऱ्यात सोडतो आणि दुपारी घ्यायला जातो. डॉक्टरांनी पाणी आणखी कमी केलंय. असे किती रविवार निघतील हे डॉक्टर सांगत नाहीत आणि काकू विचारत नाहीत.

गेल्या रविवारी मी जरा लवकरच पोचलो आणि रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा काकांनी वर न बघता कटोरा भरून पुढे केला. मी सगळा प्यायलो. तहान मुळीच नव्हती, मागे माणसं ताटकळत होती, तरी मी कटोरा पुन्हा त्यांच्यापुढे धरला.