फळी हालती

तिचं नाव मला माहीत नाही. मी ऊसतोड टोळीचा मुकादम होतो आणि नवराबायकोला मिळून आम्ही एक कोयता म्हणायचो. कोयत्याचं नाव कोण विचारतो?

शिरूर कासारकडची ती बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना मध्येच थांबायची, डोळे मिटायची आणि मोकळ्या हाताने हवा धरायची.

"मुकादम, मी न्हाई हालत, फळीच हालती."

"अबे, सोंग करती ही!" मी टोळीला ऐकवलं. सगळे हसले. निदान झालं. उपचार म्हणून तिला पुन्हा फळीवर चढवलं. तिसऱ्या दिवशी ती पडली, हात मोडला. तिचंच लक्ष नव्हतं, असं मी गावभर सांगितलं. ते खोटं होतं.

यंदा मलाच चक्कर यायला लागली म्हणून बीडला गेलो, तर फिजिओथेरपीच्या मॅडमनी माझी मान वळवून मला झटकन आडवं केलं. छत गरगरलं.

"मॅडम, पलंग हालतोय!"

त्यांनी वाकून माझे डोळे पाहिले. "बाबा, कानातले बारीक खडे सरकलेत. बुबुळं नाचतायत, त्यांना सोंग जमत नाही."

मान इकडून तिकडे वळवत त्यांनी दहा मिनिटांत गरगर थांबवली आणि मला उठवून बसवलं.

त्या बाईच्या डोळ्यांकडे मी हंगामभरात एकदाही पाहिलं नाही. माझं लक्ष मोळीवर होतं.