काकांची टिचकी

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की काका आधी तिला टिचकी मारून बघतात. कपाट असो, पातेलं असो. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांनी त्याच्या खांद्यावर दोन बोटं वाजवली होती आणि "भरीव आहे," असं जाहीर केलं होतं. नवरा अजून ते सगळ्यांना सांगत फिरतो.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. अपघातात चेपलेल्या गाड्यांचे पत्रे त्यांनी अडतीस वर्षं सरळ केले. एका हातात लोखंडी ठोकळा आतून धरायचा, दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडी चालवायची. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी त्यांच्या शेडमध्येच असायचे. ते मला डोळे मिटायला लावत आणि एखाद्या गाडीवर टिचकी मारत. "बोल, कुठे भरलंय?" मूळ पत्रा टण् वाजतो. खड्डा पडलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला असेल, तर ठप् वाजतं, पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखं. दहाव्या वर्षी मला पाढे धड येत नव्हते, पण हे येत होतं.

शेड बंद झाली, पण कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो काकांना सोबत नेई. काका गाडीभोवती फिरत, टिचक्या मारत आणि शेवटी एकच शब्द बोलत. "घ्या" किंवा "नको". त्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत.

मग आमचीच पाळी आली. आमची सतरा वर्षांची गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली, तेव्हा मागच्या सीटवर बाबा धापा टाकत होते. त्यांना दर सोमवारी उपचारांना न्यावं लागतं. कुणा अनोळखी माणसाने त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात पोहोचवलं म्हणून वाचले. "पुढच्या वेळी ढकलायला मलाच उतरवाल," बाबा म्हणाले. सगळे हसले, मला हसू आलं नाही. नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. जुनी घ्यायची, पण मध्येच दगा देणार नाही अशी, आणि तीही सोमवारच्या आत.

शनिवारी सकाळी मी आणि काका जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. पहिल्या दोन गाड्यांच्या दारांच्या फटी बघूनच काकांनी "नको" म्हटलं. तिसरी करड्या रंगाची. सीट उंच, बाबांना वाकावं न लागता बसता येईल अशी. मला ती बघताक्षणी आवडली.

काकांनी पुढून सुरुवात केली. टण्. दारं, टण् टण्. माझे डोळे सवयीने मिटले होते. मागच्या डाव्या चाकाच्या वर ठप् झालं. मी डोळे उघडले. काका थांबले नव्हते. त्याच चालीने पुढे गेले, फेरी पुरी केली आणि म्हणाले, "घ्या."

"मिस्त्रींचा शिक्का बसला!" गाडीवाला खूश झाला. "कागद काढू ना?"

मला वाटलं, काका माझी परीक्षा घेतायत. मी मागे जाऊन स्वतः टिचकी मारली. ठप्. काका माझ्या बोटाकडे बघत होते, मग माझ्या तोंडाकडे बघू लागले. आवाज त्यांना ऐकू आलाच नव्हता. काहीतरी चुकलंय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळत होतं.

टीव्हीचा तो मोठा आवाज, "चहा घेणार?" विचारलं की "हो, कालच गेलो होतो," असली उत्तरं... आम्ही त्याला काकांची तंद्री म्हणायचो. अडतीस वर्षं हातोडीशेजारी राहिलेले कान, आणि आम्ही घरभर माणसांनी त्यांच्याकडे कानाडोळा केला. तंद्री म्हणणं सोपं होतं.

गाडीवाल्यासमोर त्यांना उघडं पाडायची माझी हिंमत झाली नाही. "रंग नाही आवडला," मी म्हणाले.

"अहो ताई, रंग काय, बदलून देतो!"

"रंग?" काकांनी माझ्या ओठांवरून शब्द टिपला. ते मागे आले, डिकी उघडली आणि तळाची चटई उचलली. खाली वेल्डिंगच्या जाड, वेड्यावाकड्या रेघा होत्या. गाडीचा मागचा सगळा भाग कापून दुसऱ्या गाडीचा जोडलेला. त्या रेघेवरून बोट फिरवत काका बराच वेळ वाकून उभे राहिले. गाडीवाल्याला अचानक फोन आठवला.

"तुझा बाबा याच बाजूला बसणार होता," काका म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही कट्ट्यावर बसलो.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी उजवा गेला, मग डावा."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडले. राग होता म्हणून, आणि त्यांना ऐकू जावं म्हणूनही. येणारे-जाणारे बघायला लागले.

"बोटाला थोडं कळायचं. वाटलं, निभेल." मग थांबून म्हणाले, "शेड गेल्यावर कुणी हाक मारायचं ते एवढ्यासाठीच, पोरी."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि मी रडतही होते. डोळे पुसून पाहिलं तर काका बोटं मोजत होते.

"नऊ," ते म्हणाले.

"काय नऊ?"

"गाड्या. या दीड वर्षात नऊ जणांना घ्या म्हणालो. शाळेतल्या बाई. तो बेकरीवाला. त्याच्या मागच्या सीटवर जुळी बसतात."

"कुणाला काही सांगू नका," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून गुपचूप तपासून घेऊ." आपल्या माणसाची अब्रू झाकायची, एवढंच मला त्या क्षणी सुचत होतं.

"नाही. टिचकी तू मार. बोलेन मी."

"आणि सोमवारचं?"

"टॅक्सी कर. बाबाला सांग, दादाने सांगितलंय."

बेकरी जवळ होती, म्हणून आधी तिथे गेलो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच पुढे आला. "या, मिस्त्री! गाडी झकास चालतेय हं. तुमच्यामुळे फसलो नाही."

काकांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने बोलले. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. "तुमची गाडी पाहिली तेव्हा मला ऐकू येत नव्हतं. तरी मी घ्या म्हणालो. आज ही माझी पुतणी पुन्हा बघेल. तोवर पोरांना त्यात बसवू नका. चावी द्या."

बेकरीवाल्याने हात पुसले, खुंटीवरची चावी काढली. काकांचा हात पुढे होता. त्याने त्या हाताकडे एकदा पाहिलं आणि चावी माझ्या हातात दिली.