वाळूतला नारळ

माझ्या जीपला घेतल्यापासून चिखलाचा थेंब लागला नव्हता. ब्रॅकनेलला ऑफिसात जाणं आणि वेम्बलीच्या देशी दुकानांतून तांदळाची पोती आणणं, एवढाच तिचा पराक्रम. बायको हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. ती माणसांना औषध देऊन झोपवते, मी गोष्टी सांगून. त्यामुळे घरात तिचंच चालतं. एका शुक्रवारी जेवताना तिने निकाल जाहीर केला, "रविवारी ही गाडी रस्ता सोडून कुठेतरी नेऊन दाखव. नाहीतर सोमवारी विकायची आणि छोटी इलेक्ट्रिक घ्यायची."

मी केंब्रिजच्या पुढची जागा निवडली. तिथे इंग्लंडच्या मानाने पाऊस कमी, जमीन वाळूची, वर वाकडेतिकडे पाइन आणि खुरटी झुडपं. वाळवंटात कुणीतरी चुकून जंगल लावावं तसं. त्यातून एक जुनी कच्ची वाट जाते आणि तिच्यावर गाडी न्यायला कायद्याने परवानगी आहे. वेबसाइटवर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी सोपी'. घरी सांगताना मी ते गाळलं आणि 'मोहीम' हा शब्द वापरला.

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. लेकीकडे पुण्याहून आलेल्या, मांडीवर डबे घेऊन. वाट सुरू होते तिथे त्यांनी मला थांबवलं.

"जावईबापू, गाडी पहिल्यांदाच रानात घालताय. नारळ फोडा."

नारळ त्यांनी आणलाच होता. मी उतरलो, खांद्यावर नसलेलं उपरणं सावरलं, हात उंच नेला आणि नारळ जोरात आपटला.

भप्प.

निम्मा नारळ वाळूत गेला. पुन्हा आपटला. पुन्हा भप्प. आजूबाजूला दगड म्हणावा असा एक खडा नव्हता. फाटकाच्या लाकडी खांबावर मारला तर उलटा उडून माझ्याच पायावर आला.

"गाडीतला पाना देऊ का?" बायकोने पुढच्या सीटवरून विचारलं.

"पान्याने फोडायला तो काय अक्रोड आहे?" सासूबाई म्हणाल्या. "आपटूनच फुटायला हवा."

तेवढ्यात कुत्र्याला फिरवत एक इंग्लिश बाई आल्या. काही हरवलंय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दगड शोधतोय, नारळ फोडायला. बाईंनी जराही न हसता विचार केला आणि म्हणाल्या, "इकडे अवघड आहे."

तोडगा सासूबाईंनीच काढला. "नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ना? मग नारळ ठेवा."

"लिंबं कुठायत, आई?"

"सकाळीच सरबतात पिळली."

मी नारळ चाकापुढे ठेवला आणि बायकोला म्हटलं, "तू चालव, मी दाखवतो." ती सरकून स्टीअरिंगवर आली. मी गुडघ्यांवर बसून विमान उतरवणाऱ्यासारखे हातवारे सुरू केले. गाडी नारळावरून गेली. नारळ आत दबला, फुटला नाही.

"मागे घे!"

घेतली. आणखी आत.

"अरे, हा दुसरा दांडा कसला?"

"लो रेंजचा. कठीण चढावर वापरायचा."

"तू कधी वापरलास?"

मी पाइनच्या शेंड्यांकडे बघू लागलो. तिने दांडा ओढला. गाडी खालच्या पट्टीत गुरगुरली आणि बायकोच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी हातवारे थांबवले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. नारळ दिसेनासा झाला, पण ती काही थांबेना.

शेवटी कुत्र्याने नारळ उकरला आणि तोंडात धरायची खटपट करू लागला. बाईंनी तो काढून, रुमालाने पुसून, अदबीने सासूबाईंपुढे धरला.

"राहू दे त्यालाच," सासूबाई कुत्र्याकडे बघत म्हणाल्या. "त्याला पावला, आपल्यालाही पावेल."

मी दार उघडायला गेलो तर बायको तिथेच बसलेली.

"मागे बस."

"अगं, पण मोहीम माझी—"

"आईचे डबे धर."

मी डबे धरले. वाट खरंच सोपी होती. मऊ वाळूतल्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, चाकांखाली कडकडणारी पाइनची सुकी फळं. एक बुटकं हरीण आमच्याकडे बघून निवांत आत गेलं. एका उतारावर गाडी जरा डुलली तशा सासूबाई "आई गं!" म्हणाल्या आणि लगेच "पुन्हा घे" म्हणाल्या. बायको काच उघडून, कोपर बाहेर काढून चालवत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं हे कोपर मी पाहिलं नव्हतं.

जंगल संपलं तिथे दोन फाटे होते. उजवीकडे डांबरी रस्ता, घराचा. डावीकडे आणखी एक कच्ची वाट, पहिलीपेक्षा जास्त खडबडीत.

"मग," मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "सोमवारचं काय?"

मागेपुढे एकही गाडी नव्हती, माणूस नव्हता. तरी तिने आरशात नीट पाहिलं आणि शिस्तीत डावीकडचा इंडिकेटर लावला.