हवा कुणाकडे वळवू?

सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये कंपनीने दिलेल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघे राहायचो. ऑफिस अजून तयार नव्हतं, म्हणून कॉटवर बसूनच मी कोड लिहायचो. ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडला आणि तो दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक रत्नागिरीकडचा निघाला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काम करताना तो मधूनच एसीला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा.

तासाभराने एसी सुरू झाला. "झडप अडकलीय, हवा एकाच बाजूला जाईल," तो म्हणाला. "कुणाकडे वळवू? तुमच्याकडे की कॉम्प्युटरकडे?"

"कॉम्प्युटरकडे," मी चटकन म्हणालो. तो सारखा तापून बंद पडत होता.

त्याने झडप हाताने वळवली आणि तो माझ्या घामाने भिजलेल्या बनियनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलंय. माझ्यासारखे हाल तिचे होऊ नयेत म्हणून. बरोबर केलं ना मी?"

मी लगेच "हो" म्हणालो. ते त्याला धीर द्यायला म्हणालो की स्वतःलाच, हे मला अजूनही उमगलेलं नाही.