उमेळ्याच्या बांधाचा विडा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. आजही म्हणेन. तरी हे लिहितोय, कारण त्या म्हाताऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. गास गावात आमची केळी-पानवेलींची वाडी. मी मॅट्रिक, टायपिंग येणारा... आणि बेकार. लग्न ठरलं होतं, पण नोकरीशिवाय मुलीचे वडील तिथी धरेनात. उमेळ्याला भरतीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारा बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत कारकून हवा होता, म्हणून भर दुपारी तिथे पोचलो. दार उघडंच होतं. आत खुर्चीत एक म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना चिखल.

मी सर्टिफिकेट पुढे केलं. त्याने बघितलंही नाही.

"पोहता येतं?"

"मी कारकुनाच्या जागेसाठी आलोय."

"भरतीच्या पाण्यात उभा राहशील? मागे रडणारं कोण आहे?"

माझं डोकं फिरलं. "अहो, मी टायपिंग शिकलोय. बांध राखायला नाही आलो."

"बांध फुटला की टाईप करून बुजवशील? बागायतदारांची पोरं... सावलीत वाढलेली."

वर त्याने विडा पुढे केला. अंगाचा नुसता तिळपापड झालेला, पण आमच्या वाडीत दिलेलं पान कुणी नाकारत नाही. घेतला, खिशात कोंबला आणि तरातरा बाहेर आलो.

पायरीवर शिपाई धर्मा किल्ली घेऊन उभा. "सायब येतीलच. बसा, दार उघडतो."

मागे वळून पाहिलं — दाराला कुलूप.

मी चिडून त्याला सगळं सांगितलं, अडलेल्या लग्नासकट. धर्माने किल्ली मुठीत धरली आणि बंद दाराकडे बघितलं.

"तो आमचा राखनदार. गेल्या पावसात बांध फुटला, त्याच्याबरोबरच व्हावून गेला. विडा घेतलास?"

"घेतला. त्यात काय?"

"आमच्यात विडा घेतला म्हंजे काम घेतलं, बांध राखायचं. आता तो कोनीतरी खायलाच पायजे, नाय तर बांध ऱ्हायचा नाय. माझं शेत त्याच बांधाखाली हाय." त्याने हात पुढे केला. "दे इकडं. तुझं लगीन व्हायचंय."

कसला वेडेपणा, असं म्हणत मी विडा दिला. त्याने तो शांतपणे चावून खाल्ला, तोंड पुसलं आणि कुलूप उघडलं. मग साहेब आले. खरी मुलाखत झाली आणि नोकरी मला मिळाली.

त्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं. बांध टिकला. धर्मा दुपारी बांध बघायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

तिथे मी पुढे कितीतरी वर्षं कारकुनी केली. बंद खोलीत तो म्हातारा कसा आला, विडा कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. येऊन बसला असता समोर, तर एकच विचारलं असतं... मुलाखत माझी घेतलीस ना? मग नेलंस धर्माला का?